रात्रपाळी

मी पूल उचलते.
डलूथच्या बंदरात, सरोवराच्या तोंडाशी,
लोखंडाचा अख्खा रस्ता
सरळ वर न्यायचा, जहाज गेलं की खाली टेकवायचा,
आणि वहीत लिहायचं: किती वाजता, कुणासाठी.

दुसरी वही माझ्या डब्याच्या पिशवीत असते.
तिच्यात जहाजं नाहीत.
ऑगस्ट, अठ्ठावीस. सप्टेंबर, अठ्ठावीस.
मग पस्तीस.
मग एकेचाळीसाव्या दिवसापर्यंत आले
आणि पेन्सिल टेकवून नुसता ठिपका काढला.

बाटलीवर एक हसरी बाई आहे, दोन्ही हात पोटावर.
तिला कुठली घाई.
गोळी घोड्याला द्यावी एवढी मोठी,
वास भिजलेल्या खिळ्यांचा.
पहाटे चारला, केबिनमध्ये, रिकाम्या पोटी घेतली
की अर्ध्या तासात मळमळायचं,
आणि मला केवढा आनंद व्हायचा!
आर्लोला फोन करायचे.
तो झोपेतूनच विचारायचा, "खरंच?"
आणि दिवा लावल्याचा आवाज यायचा.

"लोह आहे ते," ओयाला म्हणाला, औषधाच्या दुकानात,
चष्मा कपाळावर सारून.
"काहीतरी खाऊन घेत जा."
एवढंच.
मी आर्लोला तीन दिवस सांगितलं नाही.

नणंद म्हणाली, फेकून दे त्या गोळ्या,
माझे दिवस ढकलले त्यांनी, पंधरा-पंधरा.
मी बाटली मोज्यांच्या खणात ठेवली.
आठवडा गेला. नुसताच गेला.
बाटली खणात, मी खिडकीत,
सरोवरातून वाफ निघत होती, दूध उतू जाण्याआधी निघते तशी,
आणि माझ्यात काहीच हललं नाही.

पुन्हा ओयालाकडे.
या वेळी मागे गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून विचारलं सरळ:
ही गोळी तारीख हलवते का?
त्याने उत्तर द्यायला वेळ लावला. आवडलं मला ते.
"कुणाचं शरीर कशाने बिचकेल, छातीठोक सांगता येत नाही.
पण ही गोळी त्यासाठी नसते. हिच्यावर माझा संशय नाही.
याआधी काय घेत होतीस?"
मी सांगितलं. अकरा वर्षं. एकवीस गोळ्या, सात दिवस सुट्टी.
"आणि ती बंद कधी केलीस?"
ही सुरू केली, त्याच सकाळी.
त्याने चष्मा खाली ओढला.
"मग ते अठ्ठावीस तुझे नव्हतेच, ब्रिटा.
पाकिटाचे होते."

घरी येताना गाडीत हीटर लावायचं विसरले.
अकरा वर्षं मी कुणाचं गणित
आपलं म्हणून लिहीत होते?
आता आत कुणीतरी बोटांवर मोजायला शिकतंय,
चुकतंय, पुन्हा एकपासून सुरू करतंय.
तीन महिने बघ, तो म्हणाला होता,
नाहीतर डॉक्टर.

काल रात्री रेडिओवर खरखर:
धुकं आहे, तासाभराचा उशीर होईल.
या, म्हटलं. मी इथेच आहे.
दोन वीसला घंटा वाजवली, फाटकं पाडली.
पूल निम्म्यावर असताना कळलं.
पोटात ओळखीची कळ, आणि उबदार ओल.
सात मिनिटं जागेवरून हलता येत नाही.
हात दांड्यावर, नजर पाण्यावर.
जहाज माझ्यासमोरून सरकत होतं,
तीनशे पावलांचं, काळंभोर, कोळशाने भरलेलं.
डेकवर एक पोरगा टोपी सांभाळत होता,
त्याने वर बघून हात केला.
मीही केला.
रडू आलं नसतं तर बरं झालं असतं,
पण आलं, थोडं.
हरल्यासारखंच वाटलं असं मात्र नाही.

रस्ता खाली टेकला. एकच पिकअप थांबली होती, ती गेली.
मी धुतलं, बदललं, दोन्ही वह्या लिहिल्या.
चव्वेचाळीस.
हा आकडा मात्र माझा.
मग राईचा ब्रेड, चीज, सगळं नीट चावून,
आणि त्यावर गोळी.

सहाला पाळी बदलते.
हाल्वर आला, बूट आपटून बर्फ झाडला,
वहीकडे न बघताच विचारलं,
"काय आलं रात्रभरात?"
"एकच," मी म्हटलं.
"उशिरा."